रांगेत उभं राहून रॉक

जपानहून परतलेल्या मराठी माणसाला शक्यतो एकटं गाठू नये. गाड्या सेकंदाच्या काट्यावर येतात, रस्त्यावर कागदाचा कपटा सापडत नाही, शाळेत पोरंच वर्ग झाडतात, हे सगळं तो एका दमात सांगतो. मग शाकाहारी जेवणाचे कसे हाल झाले त्याचं स्वतंत्र कीर्तन होतं आणि शेवटी साकुराचे फोटो निघतात. फोटो संपेपर्यंत चहा येत नाही. माझी अडचण अशी की मी जपानला जाऊन येतो आणि माझ्याकडे साकुराचा एकही फोटो नसतो. क्योतोची देवळं मी बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाहीत. मी तिकडे रॉक कॉन्सर्ट ऐकायला जातो.

हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी उमटते. आमच्या आत्याने तर सरळच विचारलं, "अरे, ती माणसं मोठ्याने बोलतसुद्धा नाहीत म्हणे. तिथे जाऊन तुझा तो धिंगाणा कोण चालवून घेणार?" तिला वाटलं असेल, हा पोरगा पन्नाशीला आला तरी याला योग्य ठिकाण काही सापडत नाही.

आमच्या पिढीच्या रॉकवेड्यांना जपान हा एक देश आहे हे तसं उशिराच कळलं. त्याआधी तो एक लाइव्ह अल्बम होता. डीप पर्पल हा ब्रिटिश बँड ऑगस्ट १९७२मध्ये जपानला गेला, ओसाकाला दोन आणि टोकियोला एक असे तीन कार्यक्रम झाले आणि तिन्ही ध्वनिमुद्रित केले गेले. बँडला स्वतःला यात फारसा रस नव्हता. रेकॉर्ड कंपनीच्या जपानी शाखेला तिथल्या गिऱ्हाइकांसाठी लाइव्ह रेकॉर्ड हवी होती, म्हणून हा खटाटोप. ती 'मेड इन जपान' पुढे जगभर गेली. पुण्यातल्या हॉस्टेलांपर्यंत ती कॅसेटच्या कॉपीची कॉपी, आणि तिचीही कॉपी, अशी पोचली तेव्हा तीत ड्रम्स कमी आणि खरखर जास्त उरली होती. पण त्या खरखरीच्या पलीकडे कुठेतरी ओसाकाचे लोक टाळ्या वाजवत होते आणि आम्हाला त्यांचा मनस्वी हेवा वाटायचा.

मग चीप ट्रिकची रेकॉर्ड हाती लागली. हा अमेरिकन बँड; स्वतःच्या देशात त्याला तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं. एप्रिल १९७८मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात तो वाजवायला उभा राहिला आणि जपानी मुली अशा काही किंचाळल्या की त्या किंचाळ्यांसकट निघालेली रेकॉर्ड, जी फक्त जपानात विकायची होती, अमेरिकेतले लोक जास्तीचे पैसे मोजून मागवायला लागले. शेवटी १९७९मध्ये ती अमेरिकेतही काढावी लागली. आत्याच्या शंकेचं निरसन या रेकॉर्डवर आहे. किंचाळण्याच्या बाबतीत जपानी माणूस कुणाला हार जाणारा नाही. फक्त कुठे, केव्हा आणि किती वेळ किंचाळायचं ते ठरलेलं असतं. आणि त्याआधी अर्ज भरावा लागतो.

अर्जाचं सांगतो. मोठ्या बँडचं तिकीट तिकडे 'काढता' येत नाही, ते 'लागतं'. म्हाडाचं घर लागतं, तसं. आधी फॅन क्लबच्या सभासदांची सोडत होते. मग तिकीट विकणाऱ्या कंपन्यांची पहिली फेरी, मग दुसरी. या सगळ्यांतून काही उरलंच तर ते सर्वसामान्य जनतेसाठी खुल्या विक्रीला येतं आणि आपण पान उघडेपर्यंत संपलेलं असतं. बहुतेक ठिकाणी अर्ज करायला जपानी फोन नंबर लागतो. माझा कॉलेजातला एक मित्र टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निशिकासाईला राहतो. तिथे भारतीयांची इतकी वस्ती आहे की तूरडाळ आणि मुलांच्या दहावीची चिंता या दोन्ही गोष्टी स्टेशनच्या आसपास सहज मिळतात. अर्जाला नंबर त्याच्या बायकोचा दिला. तो स्वतः असल्या भानगडीत पडत नाही.

सोडतीत नाव आलं नाही की पत्र येतं. ते इतकं नम्र असतं की वाचून आपल्यालाच अपराधी वाटावं. आपण अर्ज केलात याबद्दल मनापासून आभार, तरीही या वेळी आपली इच्छा पूर्ण करता आली नाही याचा अतिशय खेद वाटतो, कृपया पुढील फेरीसाठी आम्हाला सेवेची संधी द्यावी. एका मोसमात मी एकाच बँडच्या सगळ्या फेऱ्या लढवल्या, तेव्हा वहिनींचा फोन आला. "भावजी, तुमच्यापायी मला रोज कुणी ना कुणी माफी मागतंय. आमच्या ह्यांनी उभ्या संसारात इतक्या वेळा मागितली नसेल."

लागलंच, तर दिलेल्या मुदतीत कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात, जाऊन पैसे भरायचे. तिथे एक यंत्र असतं. त्यात नंबर घातला की चिठ्ठी बाहेर येते, ती गल्ल्यावर द्यायची. मूळ किमतीवर यंत्रणेचं शुल्क असतं आणि तिकीट छापल्याबद्दलचं वेगळं शुल्क असतं. न छापता ते कसं देणार होते, हे विचारायला माझं जपानी पुरत नाही. खुर्ची कुठली, हे पुष्कळदा कार्यक्रम चार दिवसांवर आला की कळतं. तोवर आपण रंगमंचासमोर बसणार की खांबामागे, यावर नुसती स्वप्नं पाहायची. मला वाटतं, ही स्वप्नंही तिकिटाच्या किमतीत धरलेली असावीत.

बुदोकानला जायचं तर कुदानशिता स्टेशनला उतरायचं. तिथल्या एका संध्याकाळी पाहिलेला गृहस्थ मी अजून विसरलेलो नाही. वय माझ्याएवढं, करडा सूट, हातात ब्रीफकेस; बँकेत कर्जाचा अर्ज नाकारताना दिसावा असा चेहरा. नाणी टाकायच्या लॉकरसमोर तो थांबला. टाय सोडला, गुंडाळी केली, बुटाच्या पिशवीसारख्या एका छोट्या पिशवीत ठेवला. कोट काढून लॉकरच्या आत बरोबर आणलेल्या हँगरला लावला. मग ब्रीफकेस उघडून त्याने एक बिनबाह्यांचं डेनिमचं जाकीट काढलं. कवट्या, वटवाघळं, ज्वाळा, बंद पडलेल्या बँडांची नावं असे किमान तीसेक पॅच त्यावर शिवलेले होते. हेवी मेटलच्या दुनियेत हे जाकीट म्हणजे माणसाचं चरित्र. ते धूत नाहीत, त्याला जितका घामाचा वास तितकी त्याची इभ्रत. या गृहस्थाच्या जाकिटाला इस्त्री होती. पाठीवरच्या सैतानाच्या दोन शिंगांमधून एक कडक घडी खाली उतरली होती. त्याने ते चढवलं, आरशात न बघता गळ्याभोवती बँडचा टॉवेल टाकला आणि लॉकरची किल्ली दोनदा तपासून जिन्याकडे निघाला. आता तो कर्ज मंजूर करेल असं वाटत होतं.

हा टॉवेल जपानी कॉन्सर्टचा अनिवार्य भाग आहे. टी-शर्ट एक वेळ नसला तरी चालेल. विक्री दुपारीच सुरू होते आणि तिच्यासाठी सकाळपासून रांग लागते. कार्यक्रम सातचा आणि माणसं अकराला येऊन उभी, तीही पुस्तक वाचत, एकमेकांना धक्का न लावता. मी एकदा या रांगेचं शेपूट शोधत गेलो, तर शेवटी एक कर्मचारी 'रांगेचा शेवट येथे' अशी पाटी हातात धरून उभा. नवा माणूस आला की पाटी त्याच्या मागे सरकते. हे काम करणाऱ्याला लोकांची कधीच पाठ दिसत नसेल असं वाटलं होतं. उलट आहे, त्याला फक्त पाठीच दिसतात.

स्टेशनातून वर आलं की जुन्या एदो किल्ल्याचा भव्य दरवाजा लागतो, तायासुमोन. त्यातून आत गेलं की अष्टकोनी बुदोकान. १९६४च्या ऑलिंपिकमधल्या ज्यूदोसाठी हे बांधलं. छपराच्या टोकावर सोनेरी कळस आहे. जपान्यांना त्यात कळस दिसत नाही, कांदा दिसतो. बाकुफु स्लम्प नावाच्या बँडने १९८५मध्ये 'मोठ्या कांद्याखाली' अशा अर्थाचं एक प्रेमगीत केलं. पत्रमैत्रीतली ती आणि तो बुदोकानच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा भेटायचं ठरवतात, अशी त्याची गोष्ट. ते इतकं गाजलं की कुदानशिताच्या फलाटावर तोझाई लाइनची गाडी सुटताना आज त्याचीच धून वाजते. लासलगावच्या मुलखातून आलेल्या मला हे पचवायला वेळ लागला. कांद्यावर आपल्याकडे रास्ता रोको झाले, निवडणुका फिरल्या, पण कांद्याखाली कुणी कुणाची वाट पाहिल्याचं गाणं माझ्या ऐकण्यात नाही.

याच सभागृहात १९६६मध्ये ३० जून ते २ जुलै असे तीन दिवस बीटल्सचे पाच कार्यक्रम झाले, तेव्हा मोठी बोंब झाली होती. युद्धकलांच्या पवित्र वास्तूत हे लांब केसांचे गवई कशाला, म्हणून राष्ट्रवाद्यांनी निदर्शनं केली, धमक्या दिल्या. पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त लागला आणि प्रेक्षकांना बजावलं गेलं की खुर्चीतून उठायचं नाही. प्रेक्षकांतल्या पोरींनी न उठण्याची भरपाई आवाजाने केली. आज तिथे वाजवणं ही जपानी बँडाच्या आयुष्यातली मोठी पायरी मानतात, आणि एरिक क्लॅप्टनने तर २०२३मध्ये तिथला आपला शंभरावा कार्यक्रम केला. ज्या दारावर कालपर्यंत चपला सोडून येऊ देत नव्हते तिथला हा आता जावईच झाला.

आत शिरलं की छताला टांगलेला भलाथोरला राष्ट्रध्वज दिसतो आणि खाली काळे टी-शर्ट घातलेला समाज. सातचा कार्यक्रम सातला, फार तर पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. पहिला रिफ वाजतो आणि सगळे एकदम उभे. मुठी वर जातात त्या तालात, खाली येतात त्याही तालात. ओरडायच्या जागी ओरडतात, आणि त्या जागा सर्वांना पाठ असतात. परदेशी गायकाला शब्द आठवले नाहीत तरी पहिल्या दहा रांगांना आठवतात, उच्चाराचं सोडून द्या. आणि गाणं संपतं. टाळ्यांचा कडकडाट होतो, ओसरतो आणि मग शांतता. बोलणं नाही, शिट्टी नाही, 'वन्स मोअर' नाही. गायक पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवतो ते ऐकू येतं. चौदा हजार माणसं गिटारवाल्याला तार लावताना ऐकतायत. गिटारवालाही मग ती जरा जास्तच काळजीपूर्वक लावतो.

एकदा माझ्या मागच्या रांगेत दोन ऑस्ट्रेलियन तरुण होते. त्यांना ही शांतता सोसेना. एकाने बँडचं नाव घेऊन आरोळी ठोकली. ती घुमटात वर गेली, राष्ट्रध्वजाला प्रदक्षिणा घालून खाली आली. कुणी मागे वळून पाहिलं नाही. कुणी चूकही म्हटलं नाही. तेवढ्यानेच तो बिचारा असा बसला की पुढची दोन गाणी उठला नाही.

अशी गोष्ट सांगितली की आपल्याकडचा माणूस लगेच सुस्कारा टाकून म्हणतो, "त्यांच्या रक्तातच आहे हो शिस्त." मला या वाक्याचा भयंकर राग येतो. रक्तात काही नसतं. २७ जानेवारी १९७८ला साप्पोरोमध्ये रेनबो या बँडचा कार्यक्रम होता. सुरुवात होताच लोक रंगमंचाकडे धावले आणि त्या रेट्यात एक कॉलेजातली मुलगी चेंगरून मेली. एप्रिल १९८७मध्ये टोकियोच्या हिबिया उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर लाफिन नोझ या पंक बँडच्या वेळी पुन्हा तेच झालं. त्यात तिघं गेले. आज खुर्च्यांच्या ओळीत उभा असलेला पहारेकरी, उभ्याने ऐकायच्या ठिकाणी गर्दी विभागणारे कठडे, जागा सोडू नका म्हणून दर पंधरा मिनिटांनी होणारी विनंती, या सगळ्यामागे ही पोरं आहेत. चीप ट्रिकच्या त्या मुली साप्पोरोनंतर तीनच महिन्यांनी किंचाळत होत्या. म्हणजे वेड तेवढंच राहिलं, त्याला जागा आखून दिली गेली. आपल्याकडे माणसं चेंगरली की चौकशी समिती नेमली जाते आणि पुढच्या वर्षी तेच मैदान, तेच एकच दार.

कार्यक्रम संपल्यावर तर माझी खरी परीक्षा असते. आपल्याकडे नाटकाचा शेवटचा प्रवेश सुरू झाला की निम्मं प्रेक्षागृह मनाने पार्किंगमध्ये पोचलेलं असतं. इथे दिवे लागतात, बँड निघून जातो आणि सगळे खाली बसतात. ध्वनिक्षेपकावरून एकेक विभाग पुकारला जातो: आता अमुक विभागाने निघावं, बाकीच्यांनी कृपया थांबावं. आणि बाकीचे थांबतात! पाच मिनिटांपूर्वी 'सर्व काही जाळून टाका' अशा आशयाच्या गाण्यावर मुठी आपटणारी माणसं हात मांडीवर ठेवून आपल्या विभागाची वाट पाहत बसलेली असतात.

बुदोकान हे तीर्थक्षेत्र झालं. रोजची देवपूजा लाइव्ह हाउसमध्ये चालते. शिंजुकु, शिमोकिताझावा, कोएन्जी या भागांत कुठलाही अरुंद जिना खाली उतरत असेल आणि त्यावर पोस्टरांचे थर असतील, तर खाली बहुधा कुणीतरी ड्रम्स बडवत असतं. इथल्या तिकिटावर क्रमांक असतो आणि त्या क्रमाने आत सोडतात. दाराबाहेर कर्मचारी "एकवीस! बावीस!" असं पुकारतो. रांग आधीच लागलेली असते, कारण लोक आपसात तिकिटं दाखवून आपापली जागा शोधून घेतात. तेवीस नंबरवाला आला नसेल, तर बावीस आणि चोवीसच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली मी पाहिली आहे.

आत शिरताना आणखी सहाएकशे येन द्यायचे आणि एक टोकन घ्यायचं. त्यावर एक पेय मिळतं. नको असलं तरी पैसे द्यायचेच. ही नुसती लूट आहे असं मला वाटायचं. प्रकार असा, की नाट्यगृहाचा परवाना मिळवायचे नियम किचकट, म्हणून बरीच लाइव्ह हाउस कागदोपत्री खाणावळी असतात. खाणावळ आहे तर काहीतरी विकलं पाहिजे. म्हणजे कायद्याच्या नजरेतून मी तिथे ग्लासभर बार्ली चहा प्यायला गेलो होतो आणि माझ्या डोक्यापासून दोन हातांवर चार माणसं मरणाचा कल्लोळ करत होती हा केवळ योगायोग.

तिथे भिंतीवर पाटी असते: ढकलाढकली आणि लोकांच्या डोक्यावर उडी मारणं मना आहे. एका पंक कार्यक्रमात मी नेमका या पाटीखालीच उभा होतो. दुसऱ्या गाण्याला मधली माणसं गोल फिरायला लागली, धडका देत, कोपरं उडवत. एक जण पडला. तो जमिनीला टेकायच्या आत चार हातांनी त्याला वर काढला. मग एक बूट वर आला. कुणाचा तरी निघालेला, डाव्या पायाचा. तो एका हातातून दुसऱ्या हातात असा डोक्यांवरून फिरत राहिला आणि मालक सापडल्यावर, गाणं चालू असतानाच, दोघांनी वाकून एकमेकांना नमस्कार केला. नंतर एक चष्मा आला. शेवटच्या माणसाने तो परत करण्यापूर्वी आपल्या टी-शर्टला पुसला. टी-शर्ट घामाने निथळत होता, त्यामुळे चष्म्याचं काय झालं ते सांगायला नको, पण भावना पोचली. गाणं संपताच सगळे आपापल्या जागी परत. भिंतीवरची पाटीही जागच्या जागी होती.

आता फुजी रॉक. हा जपानचा सर्वांत प्रसिद्ध रॉक महोत्सव, आणि तिथून फुजी दिसत नाही. १९९७मध्ये पहिला महोत्सव फुजीच्या पायथ्याशी झाला खरा, पण त्याच मुहूर्तावर वादळ आलं. रेड हॉट चिली पेपर्सचा गायक मोडलेल्या हातासह त्या पावसात गायला, लोक गारठले, आणि दुसरा दिवस रद्द करावा लागला. पुढच्या वर्षी तो टोकियोत झाला आणि १९९९पासून निइगाता प्रांतातल्या नाएबा या स्कीइंगच्या ठिकाणी. नाव मात्र तेच ठेवलं. सदाशिव पेठेतून कोथरूडला गेलेल्या दुकानांची नावं आठवली, मी काही बोललो नाही.

टोकियोहून शिनकान्सेनने सव्वा तासात एचिगो-युझावा आणि तिथून बस. बसची रांग लांब असेल तर चिंता नाही, कारण स्टेशनातच या प्रांतातल्या साके चाखायची सोय आहे. पाचशे येन दिले की पाच नाणी मिळतात, भिंतीभर यंत्रं आहेत, एक नाणं टाकलं की एक घुटका. सोबतीला मीठ आणि काकडी. बरेच लोक रॉक ऐकायच्या आधीच इथे डोलायला लागतात आणि मग नाएबाला पोचल्यावर पाऊस पडतोय की नाही याबद्दल त्यांची फारशी तक्रार राहत नाही. पाऊस पडतोच. छत्रीला रंगमंचासमोर बंदी, म्हणून चाळीसेक हजार माणसं रेनकोटात उभी राहून गिटार ऐकतात. जुलैतल्या लोणावळ्याची सवय असलेल्या मला त्यात परकं काही वाटलं नाही, फक्त भजी नव्हती.

पण पावसाहून मला धाक वाटला तो कचराकुंड्यांचा. प्रवेश करतानाच हातात पिशवी देतात, आणि ती गेल्या वर्षीच्या महोत्सवात जमलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेली असते. कागदी पेल्यांचा टॉयलेट पेपर होतो. कुंड्यांशी स्वयंसेवक उभे. झाकण इकडे, लेबल तिकडे, बाटली पलीकडे, काड्या आणखी वेगळ्या. पहाटे दोनला मी एक तरुण पाहिला. त्याला स्वतःचे दोन पाय नीट जुळवता येत नव्हते, बूट चिखलाने भरलेले, चेहऱ्यावर रंगवलेली कवटी अर्धी वाहून गेलेली. तो कुंडीसमोर उभा राहून नखाने बाटलीचं लेबल सोलत होता. अर्धं निघालं, अर्धं चिकटून बसलं. स्वयंसेवक मुलगी त्याला धीर देत होती. शेवटी ते निघालं तेव्हा मागच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या रात्रीचा सर्वोत्तम एन्कोर तोच.

दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यामुळे मी गरम पाण्याच्या कुंडात, ओनसेनमध्ये, गेलो. तिथे बहुतेक ठिकाणी गोंदण असलेल्यांना बंदी असते, कारण गोंदण म्हणजे याकुझा टोळ्या हा तिथला जुना हिशेब. आता रॉकच्या महोत्सवाला आलेल्या परदेशी माणसाला गोंदण नसणं म्हणजे वारकऱ्याच्या गळ्यात माळ नसणं. काही ठिकाणी तोडगा म्हणून कातडीच्या रंगाच्या पट्ट्या देतात. गोंदण झाकलं की आत सोडतात. माझ्याबरोबर एक आडदांड जर्मन होता. त्याच्या दंडावर आयर्न मेडन या मेटल बँडचा कवटीतोंड्या एडी, दात विचकलेला. पट्ट्या कमी पडल्या. कवटी झाकली, हात झाकले, डोळे राहिले. कुंडातल्या शेजारच्या आजोबांनी त्या दोन डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि डोक्यावरचा आपला छोटा रुमाल काढून अदबीने त्याच्या दंडावर ठेवला.

जपानी चाहता मनमोकळं बोलतो तो कार्यक्रमानंतर, इझाकायात, म्हणजे तिकडच्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यावर. बुदोकानच्या त्या रात्री इस्त्रीच्या जाकिटवाल्या गृहस्थाशी नजरानजर झाली होती. बाहेर तोच मला ओढून घेऊन गेला. बरोबर त्याच्या ओळखीच्या दोन बायका, साठीच्या घरातल्या. दोघी या बँडच्या मागे नागोया, ओसाका, फुकुओका असा प्रवास करून आल्या होत्या. मी विचारलं, सगळीकडे गाणी तीच वाजतात ना? त्यांनी वह्या काढल्या. प्रत्येक शहराची गाण्यांची यादी, समोर बारीक अक्षरात शेरे. नागोयाला तिसरं गाणं किंचित जलद झालं. ओसाकाला गिटारवाल्याने शर्ट बदलला. आजच्या रात्रीच्या पानावर एक ओळ नुकतीच लिहिली होती, ती फोनच्या अनुवादातून मला कळली: सातव्या गाण्यानंतर गायक पाणी प्यायला विसरला. दुसऱ्या बियरनंतर या तिघांनी टेबलावर असा काही धुमाकूळ घातला की बुदोकानमधली शांतता मला खोटी वाटायला लागली. जाकिटवाला तर मिठाच्या बाटलीवर अख्खा ड्रम सोलो वाजवून मोकळा झाला.

मग त्याने विचारलं, भारतात कॉन्सर्ट कसे होतात? मी १९९०च्या दशकातल्या मुंबईच्या रंगभवनाचं सांगितलं, तिथल्या पायऱ्यांवर आम्ही रात्री कसे गळा सुजेपर्यंत ओरडायचो. मग बंगळूरचं. १७ मार्च २००७, पॅलेस ग्राउंड, आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात. देशभरातून पोरं रेल्वेने, बसने, विनातिकीट आली होती. दार उघडलं आणि सगळे धावले. पूर्ण मैदान प्रत्येक ओळ गात होतं, गिटारचे तुकडेसुद्धा गात होतं, गाणी संपली तरी गात होतं. तिघं भारावून ऐकत होते. एकीचे डोळे भरून आले. मग जाकिटवाल्याने अगदी हळू विचारलं, "आणि रांग कशी लावली होती?"

मी म्हटलं, "रांग नव्हती. दिशा होती."

फोनने याचा काय अनुवाद केला कोण जाणे. दोघींनी ते वहीत लिहून घेतलं. बिल चार भागांत येनापर्यंत वाटलं गेलं. शेवटच्या गाडीला नऊ मिनिटं होती, म्हणून सगळे धावले, आणि मला पहिल्यांदाच त्या देशात बंगळूरसारखं वाटलं.

पुढच्या वर्षी तो बँड पुन्हा येतोय. वयं पाहता हे शेवटचं, असं ते गेली बरीच वर्षं जाहीर करतायत. मी अर्ज केला होता. परवा वहिनींनी पत्र पुढे पाठवलं, वर स्वतःची एक ओळ जोडून: "भावजी, खेद झाला आहे. अतिशय." दुसरी फेरी सोमवारी दुपारी बाराला उघडते. तिकडचे बारा, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. सोडतीत आधी अर्ज केल्याने कोणताही फायदा होत नाही, असं त्या पत्रात ठळक अक्षरांत छापलेलं आहे. मी आठ पंचवीसचा गजर लावलाय.